रिंगणामागची माणसे

लघुमूर्ती घेऊन टेबलावर लढाया खेळण्याचा छंद इंग्लंडात शतकाहून अधिक काळ रुजलेला आहे. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे एक छोटेखानी पुस्तक लिहिले आणि खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांना नियमांची चौकट दिली. पुढे या छंदाला अनेक फांद्या फुटल्या. त्यांतील एक फांदी प्राचीन रोममधील ग्लॅडिएटरांच्या द्वंद्वांची आहे. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरतात आणि बुरुजाबुरुजावर मावळे उभे करतात. तेच काम तिकडे पोक्त माणसे बारमाही करतात, एवढाच काय तो फरक.

ग्लॅडिएटरांचा खेळ या छंदात स्वस्तातला समजला जातो. नेपोलियनच्या लढाया मांडायच्या तर शेकडो मूर्ती रंगवाव्या लागतात. येथे सहा-आठ पुरतात. जागाही फारशी लागत नाही. मात्र या खेळाची एक अडचण अशी, की इतर लढायांच्या टेबलावर टेकड्या असतात, नदी असते, झाडी असते, गावाची वेस असते. रोमन रिंगणात यांपैकी काहीच नाही. असते ती नुसती वाळू. ‘अरीना’ हा शब्दच मुळी वाळूला असलेल्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. तेव्हा देखावा म्हणून जे काही उभारायचे, ते सारे रिंगणाच्या कडेला आणि त्याच्या मागे उभारावे लागते. मागचा पडदा चांगला नसेल तर समोरच्या मूर्ती कितीही सुबक असोत, त्या कपाटातून काढून टेबलावर ठेवल्यासारख्या दिसतात.

पडद्याची सुरुवात रंगांनी होत नाही, हिशेबाने होते. या छंदातील सर्वाधिक प्रचलित मूर्ती २८ मिलिमीटर उंचीची असते. म्हणजे साधारणपणे प्रत्यक्षाचा साठावा भाग. आता रोमचे कोलोसिअम या मापात बसवून पाहावे. त्याची बाहेरची लांबी १८८ मीटर. साठाने भागली की तीन मीटरांहून अधिक होते. एवढे टेबल कोणत्याही दिवाणखान्यात मावणार नाही. बाहेरची भिंत सुमारे ४८ मीटर उंच, म्हणजे ८० सेंटिमीटर. पण आतले रिंगण तेवढे घेतले तर ८३ बाय ४८ मीटरांचे, म्हणजे सुमारे १३८ बाय ८० सेंटिमीटर होते. हे मात्र जेवणाच्या टेबलावर बसते. सारांश, रिंगण खऱ्या मापाने करता येते, पण पन्नास हजार प्रेक्षकांची ती प्रचंड वाटी खऱ्या मापाने करता येत नाही. ती चित्रात उतरवावी लागते. पडद्याची गरज येथूनच निर्माण होते.

ज्यांना कोलोसिअमही मोठे वाटते त्यांच्यासाठी पाँपेईचे रिंगण अधिक सोयीचे आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ७० साली दोन स्थानिक अधिकाऱ्यांनी ते स्वखर्चाने बांधून नगराला दिले. आजवर ज्ञात असलेले हे सर्वांत जुने दगडी अँफिथिएटर. त्याचे रिंगण सुमारे ६७ बाय ३५ मीटर, म्हणजे टेबलावर ११२ बाय ५८ सेंटिमीटर. वेसुव्हियसच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये ते गाडले गेले, आणि कोलोसिअमचे उद्घाटन त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे ८० साली झाले. एका वर्षाच्या अंतराने एक मिटले आणि दुसरे उघडले. म्हणून ज्याला आपला देखावा काळाच्या दृष्टीने अचूक हवा आहे त्याने दोन्हींची सरमिसळ करू नये. पाँपेईच्या रिंगणाखाली तळघरे नव्हती. वाळूतून अचानक वर येणारे झडपांचे दरवाजे तेथे दाखवले तर ते चूक ठरेल.

पाँपेई निवडण्याचे आणखी एक सबळ कारण आहे. रिंगण आणि पहिली आसने यांच्यामध्ये जी ठेंगणी भिंत असते, तिला पोडियम म्हणतात. पाँपेईतील ही भिंत सुमारे दोन मीटर उंच आहे आणि ती चित्रांनी भरलेली होती. १८१५ च्या सुमारास उत्खननात ती उघडी पडली तेव्हा तिच्यावर शस्त्रे घेऊन तयार होणारे ग्लॅडिएटर, हिंस्र पशू आणि पंख पसरलेल्या विजयदेवता स्पष्ट दिसत होत्या. सतराशे वर्षे राखेने जे सांभाळले ते उघड्या हवेत काही महिनेही टिकले नाही. हिवाळ्यात रंगाचे पापुद्रे गळून पडले. सुदैवाने त्याआधी एका चित्रकाराने त्यांच्या नकला उतरवून घेतल्या होत्या. आज जे काही माहीत आहे ते त्या नकलांवरून. म्हणजे रोमन माणसानेही आपल्या रिंगणाला रंगीत पडदा लावला होता, आणि टेबलावरचा पडदा करणारा छांदिष्ट ही त्या नकलेची नकल करीत असतो. साडेतीन सेंटिमीटर उंचीच्या पट्टीवर लाल आणि पिवळ्या चौकटी आखून त्यांत एकेक आकृती काढली तरी भिंत जिवंत होते. बहुतेक जण ही भिंत करड्या दगडाची रंगवतात. चित्रपटांनी लावलेली ही सवय आहे.

भिंत, तिच्यामागच्या दोन-तीन रांगा आणि त्यामागे उभा चित्रित पडदा असे तीन थर केले म्हणजे काम भागते. भिंतीसाठी आणि रांगांसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा पाच मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड उत्तम. तो धारदार पातीने कापता येतो आणि फेव्हिकॉलने चिकटतो. दगडांचे सांधे बोथट पेन्सिलीने दाबून उमटवावेत. पडद्यासाठी जाड पुठ्ठा किंवा पातळ एमडीएफ. रिंगणावर बारीक चाळलेली वाळू पातळ केलेल्या गोंदावर पसरावी आणि सुकल्यावर तिला फिकट पिवळसर हात द्यावा. या साऱ्यात विशेष असे काही नाही. ज्याने शाळेत प्रकल्प केले आहेत त्याला हे येते.

कठीण भाग रेषांचा आहे. समोरच्या बाजूच्या आसनांच्या रांगा पडद्यावर सरळ आखल्या तर ते नाट्यगृह दिसते, अँफिथिएटर दिसत नाही. वाटीच्या आत उभे राहून पलीकडची कड पाहिली तर डोळ्यांच्या पातळीच्या वर असलेली प्रत्येक रांग मध्यभागी खाली असते आणि दोन्ही टोकांना, म्हणजे जसजशी ती जवळ येते तसतशी, वर चढत जाते. सपाट पडद्यावर हा बाक हाताने काढावा लागतो. पण पडदाच जर अर्धवर्तुळात वाकवून उभा केला, तर त्यावर सरळ आखलेल्या रेषाही आपोआप तसा बाक घेतात. या छंदातील जाणते लोक पुठ्ठ्याच्या मागे ओळीने उभे चरे देऊन तो वाकवतात, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण असे की वाकलेल्या पडद्याला कोपरा नसतो, आणि कोपरा दिसला की देखाव्याची भूल उतरते.

अंतराचाही हिशेब आहे. २८ मिलिमीटरच्या मूर्तीचे डोके साधारण चार मिलिमीटर. पहिल्या रांगेतील प्रेक्षक याच मापाचा हवा. खेळणारा माणूस त्या रांगेपासून एक मीटरवर बसला आहे असे धरू; साठपट केले म्हणजे साठ मीटर. कोलोसिअमच्या लांबीच्या बाजूला आसनांची खोली सुमारे पन्नास मीटर, तेव्हा शेवटची रांग एकशे दहा मीटरांवर. म्हणून तिच्यातील डोके चाराऐवजी दोन मिलिमीटरांच्या आसपास दिसले पाहिजे. एका माणसाला दीड फूट जागा धरली तर १४० सेंटिमीटरच्या पडद्यावर पहिल्या रांगेत सुमारे १८७ माणसे बसतात. वीस रांगांची किमान पावणेचार हजार. एवढी डोकी कुंचल्याने एकेक कोण काढणार? म्हणून स्पंजचा तुकडा फाडून त्याने ठिपके उमटवतात: आधी काळपट, मग कातडीच्या छटा, शेवटी कपड्यांचे रंग. पहिल्या दोन-तीन रांगांतील माणसे तेवढी हाताने.

कपड्यांच्या रंगापाशी आले की बहुतेकांच्या हातून लाल, निळा, हिरवा, जांभळा असे सगळे रंग सारखे उधळले जातात आणि पडद्यावर क्रिकेटचे मैदान अवतरते. रोमन गर्दी अशी नव्हती. सम्राट ऑगस्टसने प्रेक्षकांच्या बसण्याचे कडक नियम केले होते. सुएटोनियसने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात ते नोंदलेले आहेत. सर्वांत पुढे सिनेटचे सदस्य. सैनिक नागरिकांपासून वेगळे. विवाहित पुरुषांच्या रांगा स्वतंत्र. लहान मुलांचा एक कप्पा आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या शिक्षकांचा. मधल्या रांगांत गडद कपडे घालून कोणी बसायचे नाही. स्त्रियांना ग्लॅडिएटरांचे खेळ फक्त वरच्या रांगांतून पाहण्याची मुभा, अपवाद व्हेस्टा देवीच्या पुजारिणींचा. त्यांना पुढे मानाची जागा. म्हणजे खालून वर नजर नेली की समाजाची उतरंड दिसावी. खाली शुभ्र टोगांचा पट्टा, आणि वर जावे तसतसा गरिबांच्या न धुतलेल्या लोकरीचा तपकिरी-करडा रंग. कोलोसिअमच्या बाहेरील ८० कमानींपैकी ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते. कोणी कोणत्या कमानीतून आत जायचे आणि कोणत्या जिन्याने चढायचे हे ठरलेले असे. गर्दी म्हणजे गोंधळ असे आपण समजतो. ही गर्दी खतावणीसारखी खात्या-खात्यांत मांडलेली होती.

येथे चित्रकलेचा नियम आणि इतिहास यांची टक्कर होते. दूरची वस्तू फिकट आणि निळसर दिसते, हे निसर्गचित्रे काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या न्यायाने वरच्या रांगा फिकट हव्यात. ऑगस्टसच्या न्यायाने त्या गडद हव्यात. यातून वाट काढायला रोमन लोकांचाच एक उपाय कामी येतो, तो म्हणजे छत. प्रेक्षकांवर ऊन येऊ नये म्हणून वरच्या कडेला खांब रोवून, दोरांनी ताणून मोठी कापडे पसरली जात. त्याला वेलारियम म्हणत. छत रंगवले की वरच्या रांगा सावलीत जातात, तेथला गडदपणा मग अंतराचा न राहता सावलीचा होतो आणि डोळ्यांना खटकत नाही. कापडांच्या फटींतून येणारे उन्हाचे पट्टे खालच्या भिंतीवर आणि वाळूवर तिरपे टाकले की चित्राला खोली येते. फ्रेंच चित्रकार जाँ-लेओं जेरोम याने १८७२ साली काढलेल्या प्रसिद्ध ग्लॅडिएटर-चित्रात भिंतीवरचे हे पट्टे पाहण्यासारखे आहेत. हेच चित्र पाहून दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी ‘ग्लॅडिएटर’ चित्रपट करायचे मनावर घेतले. गंमत अशी की २००० सालच्या त्या चित्रपटासाठी माल्टामध्ये कोलोसिअमचा केवळ खालचा काही भाग बांधला गेला. वरचे मजले आणि बहुतांश गर्दी संगणकावर रंगवली. त्याच्याही आधी, १९२५ च्या मूक ‘बेन-हर’मध्ये रथांच्या शर्यतीचे मैदान उभारताना वरच्या सज्जांची लहान प्रतिकृती कॅमेऱ्यापुढे टांगली होती आणि तीत हजारो चिमुकल्या बाहुल्या हलवण्याची सोय केली होती. कोट्यवधींचे भांडवल असलेल्यांनाही शेवटी पुठ्ठ्याच्या छांदिष्टाचाच मार्ग धरावा लागला.

छताचा उल्लेख जाहिरातींतही येई. पाँपेईच्या भिंतींवर खेळांच्या ज्या घोषणा रंगवलेल्या सापडल्या, त्यांतील एक विशेष वाचनीय आहे. सम्राट नीरोच्या पूजेचा पुरोहित असलेल्या एका धनिकाने ग्लॅडिएटरांच्या वीस जोड्या आणि त्याच्या मुलाने दहा जोड्या पुरवल्याचे तीत जाहीर केले आहे. एप्रिल महिन्यातील पाच दिवस खेळ होतील, पशूंची शिकार होईल आणि छत असेल, असे आश्वासन आहे. शेवटी रंगाऱ्याने आपलेही नाव घातले आहे: एमिलियस केलेर, आणि हे सारे आपण एकट्याने चांदण्यात लिहिले असे तो सांगतो. पडद्याच्या एका कोपऱ्यात, प्रवेशमार्गाच्या बाजूला, अशी एखादी लाल अक्षरांची पाटी रंगवली तर शोभते. रात्री जागून पुठ्ठे रंगवणाऱ्यांना या केलेरचा आधार वाटावा.

या घोषणांमागे पैसा कोणाचा असे, हा प्रश्न व्यापारी घरातील वाचकांना पडल्यावाचून राहणार नाही. खेळ फुकट दाखवले जात. खर्च नगराचा पदाधिकारी करी आणि त्या बदल्यात त्याला मान आणि मते मिळत. ग्लॅडिएटर पुरवणारा मात्र व्यापारी असे. त्याला लॅनिस्टा म्हणत. तो माणसे विकत घेई, शिकवी, पोशी आणि भाड्याने देई. समाजात त्याची प्रतिष्ठा शून्य होती. ज्याच्याशी व्यवहार केल्याशिवाय चालत नाही पण ज्याला घरी जेवायला बोलवत नाहीत असा तो होता.

या व्यवहाराचे स्वरूप दुसऱ्या शतकातील गायस या रोमन कायदेपंडिताने आपल्या पाठ्यपुस्तकात विद्यार्थ्यांपुढे प्रश्न म्हणून ठेवले आहे. समजा, ग्लॅडिएटर या अटीवर दिले की जो धडधाकट परत येईल त्याच्या मेहनतीबद्दल माणशी वीस देनारी मिळतील, आणि जो मरेल किंवा कायमचा अधू होईल त्याच्याबद्दल माणशी एक हजार. मग हा करार भाड्याचा की विक्रीचा? गायस सांगतो, की जाणकारांचे प्रचलित मत असे: जे परत आले ते भाड्याने दिलेले, जे मेले किंवा जायबंदी झाले ते विकलेले, आणि कोणता करार झाला हे पुढे घडणाऱ्या घटनेवर ठरते, जणू प्रत्येकाबाबत सशर्त विक्री किंवा सशर्त भाडेपट्टा होता. कायद्याच्या दृष्टीने उत्तर निर्दोष आहे. सकाळी जो माणूस भाड्याच्या खात्यावर होता, तो संध्याकाळी विक्रीच्या खात्यावर गेला. वहीत एक ओळ इकडून तिकडे झाली. ही नोंद वाचताना अंगावर काटा येतो तो तलवारीच्या वर्णनाने येत नाही. तिच्यातील स्वच्छ हिशेबाने येतो.

वीस आणि हजार यांतील या तफावतीचा एक परिणाम मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. मेलेला ग्लॅडिएटर पन्नासपट महाग पडत असल्यामुळे खर्च करणाऱ्याला तो जगावा असेच वाटे. प्रत्येक लढत मृत्यूनेच संपे, ही चित्रपटांची समजूत आहे. पाँपेईतील नोंदींत ग्लॅडिएटरांच्या नावापुढे एकेक अक्षर आढळते: जिंकला, सोडून दिला, मेला. ‘सोडून दिला’ या नोंदी पुष्कळ आहेत. पहिल्या शतकातील उपलब्ध माहितीवरून अभ्यासकांनी काढलेला अंदाज असा, की पाच लढतींपैकी सुमारे एका लढतीत मृत्यू होई. पुढे हे प्रमाण वाढत गेले आणि खर्चही वाढला. नगरांचे पदाधिकारी या खर्चाने बुडू लागले, तेव्हा मार्कस ऑरेलियस आणि त्याचा मुलगा कोमोडस यांच्या कारकिर्दीत, १७७ च्या सुमारास, सिनेटने ग्लॅडिएटरांच्या किमतींवर श्रेणीनुसार कमाल मर्यादा घातली. त्या ठरावाचा ब्राँझचा पत्रा १८८८ साली स्पेनमधील इतालिका येथे सापडला. या विक्रीवरचा करही सरकारी तिजोरीने त्या वेळी सोडून दिला.

टेबलावरच्या खेळाच्या अनेक नियमपुस्तकांत खेळाडू लॅनिस्टाच असतो. त्याला सुरुवातीचे भांडवल मिळते, त्यातून तो ग्लॅडिएटर घेतो, वैद्याचा खर्च करतो, एका लढतीची मिळकत पुढच्या लढतीत गुंतवतो. मुलांना जमाखर्च शिकवायला हे साधन वाईट नाही, असे कोणी म्हणेल. पण मग वहीतील मालाला नावे असतात हेही त्याच बैठकीत सांगितले पाहिजे. चांगले छांदिष्ट प्रत्येक मूर्तीला नाव देतात, आणि ती मूर्ती ‘मेली’ की तिचे नाव त्याच वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवतात.

आता घरातील ज्येष्ठांचा आक्षेप. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या घरात, माणसाने माणसाला करमणुकीसाठी मारण्याचा देखावा हौसेने का उभारावा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोलोसिअमच्या उद्घाटनाचे खेळ शंभर दिवस चालले आणि त्यांत नऊ हजार पशू मारले गेले, असे इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. पशूंच्या शिकारी सकाळी, गुन्हेगारांचे देहदंड दुपारी आणि ग्लॅडिएटर त्यानंतर, असा दिवसाचा क्रम असे. टेबलावरच्या खेळात पहिले दोन भाग वगळूनही खेळ पुरा होतो, आणि बहुतेक जण ते वगळतात. तरीही मूळ प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर रिंगणात शोधण्यापेक्षा पडद्यावर शोधणे योग्य ठरेल. रिंगणातील माणसे बहुतांशी गुलाम, युद्धकैदी, दंडित; त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तो मार्ग स्वतः निवडला होता. निवड करून आलेले होते ते मागचे पन्नास हजार. तत्त्वज्ञ सेनेकाने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांतील सातव्या पत्रात याविषयी फार प्रांजळपणे लिहिले आहे. दुपारच्या वेळी काही हलकेफुलके पाहायला मिळेल म्हणून तो गेला आणि त्याने पाहिले ते ढाल-शिरस्त्राण नसलेल्या दंडितांचे उघडेवाघडे मारणे. पण पत्रात तो मारणाऱ्यांविषयी फार बोलत नाही; तो गर्दीविषयी बोलतो. माणसांच्या सहवासात जाऊन आपण अधिक लोभी आणि अधिक निर्दय होऊन घरी परततो, असे त्याचे म्हणणे.

गर्दी नेहमी आसनांवर बसूनही राहिली नाही. ५९ साली पाँपेईच्या याच अँफिथिएटरात पाँपेईकर आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक यांच्यात आधी टोमणे, मग दगड आणि अखेर शस्त्रे चालली. नुकेरियाचे पुष्कळ लोक मारले गेले आणि सिनेटने पाँपेईतील अशा खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. टॅसिटसने हा प्रसंग नोंदवला आहे. पाँपेईतीलच एका घराच्या भिंतीवर त्याचे चित्र सापडले. ते आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अँफिथिएटर त्यात वरून पाहिल्यासारखे दिसते, बाहेरचे जिने समोरून पाहिल्यासारखे, आणि मागे छत ताणलेले. दृष्टीचे नियम त्याने पाळलेले नाहीत, पण पडदा करणाऱ्याने ते अवश्य अभ्यासावे. बाहेर झाडांच्या सावलीत विक्रेत्यांची दुकाने लागलेली आहेत आणि त्यांच्या शेजारीच हाणामारी चालली आहे, इतके सगळे त्या लहानशा चित्रात आहे.

म्हणून पडद्यावरची पहिली रांग हाताने रंगवताना घाई करू नये. स्पंजच्या ठिपक्यांना चेहरे नसतात, त्यांना काही विचारता येत नाही. पुढच्या पंधरा-वीस आकृतींना मात्र काहीतरी करताना दाखवावे लागते. कोणी उठून ओरडतो आहे, कोणी शेजाऱ्याशी पैजेचे बोलतो आहे, कोणी खाण्यात दंग आहे, कोणी कंटाळला आहे. एखाद्याने मान फिरवली आहे. मुलांच्या कप्प्यात शिक्षकांसह बसलेली सहा-सात लहान मुलेही काढावीत, कारण ती तेथे होती. घरातील मूल मदतीला बसले असेल तर ते नेमका याच ठिकाणी प्रश्न विचारील, आणि त्याला खरे ते उत्तर द्यावे. अंगठा कोणत्या दिशेला वळवायचा हेही ते विचारील. त्याबाबत अभ्यासकांत एकमत नाही, जेरोमच्या चित्राने जगाला खाली वळवलेल्या अंगठ्याची सवय लावली एवढेच.

पडद्याच्या रंगांबाबत शेवटचे दोन व्यवहार. जाळे आणि त्रिशूळ घेऊन लढणाऱ्या रेटिआरियसच्या मूर्तीमागे पडदा शक्य तितका साधा ठेवावा. त्याचे जाळे बारीक असते आणि ठिपक्यांच्या गर्दीत ते हरवते; पोडियमच्या भिंतीवरील एखादी रुंद एकरंगी चौकट त्याच्यासाठीच राखावी. आणि सर्व काम झाल्यावर मॅट वार्निशच मारावे. चकाकणाऱ्या वार्निशवर दिव्याचे प्रतिबिंब पडते आणि आसनांवर दुसरा सूर्य उगवतो.

राहिली दारे. रिंगणाच्या लांबीच्या दोन टोकांना दोन मोठी दारे असत. एकातून ग्लॅडिएटरांची मिरवणूक शिंगांच्या आवाजात आत येई. दुसऱ्याचे नाव लिबितिना या अंत्यसंस्कारांच्या देवतेवरून पडलेले होते. त्यातून काय बाहेर नेत ते नावातच आहे. बाजारात तयार मिळणाऱ्या देखाव्यांत ही दोन्ही दारे एकाच साच्यातून काढलेली आणि बंद असतात. स्वतः करणाऱ्याने दोन्हींना कागदी बिजागरी लावून ती उघडती ठेवावीत. लढतीनंतर पडलेली मूर्ती चिमटीत उचलून डब्यात टाकण्याऐवजी तिला वाळूवरून त्या दुसऱ्या दारापर्यंत नेऊन, दार उघडून, पडद्याच्या मागे ठेवायचे, एवढा नियम घरच्या खेळात घालून घेता येतो. त्याला अर्धा मिनिट अधिक लागतो. दार लावण्याआधी त्या मूर्तीचे नाव वहीत लिहून घ्यावे.